आधी आडनाव, मग भाडं

मुंबईपासून रेल्वेने सुमारे ५४ किलोमीटरवर कल्याण आहे. मी इथे भाड्याने राहते आणि पीएचडीच्या कामासाठी लोकलने मुंबईला जाते. या शहराला आपल्या जुनेपणाचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात इथल्या बंदराचं नाव येतं. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या लोहाराने, सोनाराने दिलेल्या दानांची नोंद आहे. १८५४ मध्ये रेल्वेही इथे पोचली. बाहेरून येणाऱ्यांनी आणि हाताने काम करणाऱ्यांनीच हे शहर मोठं केलं.

याच शहरात घर शोधताना एजंटने मला पहिला प्रश्न विचारला तो आडनावाचा. दुसरा, व्हेज की नॉनव्हेज? भाड्याचा आकडा तिसरा. संध्याकाळी निरोप आला, “मालकांना फॅमिलीच हवीय.” दोन दिवसांनी माझ्यासारखीच एकटी राहणारी एक मैत्रीण त्याच घराची चौकशी करायला गेली. तिला घर दाखवलं, डिपॉझिटही ठरलं. आमचा विभाग एक, फेलोशिप एक. आडनाव तेवढं वेगळं.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दलितांना घर नाकारलं जातं, मुस्लिमांना त्याहून जास्त, असं त्यात दिसलं. त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी, १९१७ मध्ये, कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं होतं.

आपल्या घरांत सांगतात, “शिक, म्हणजे कुणी विचारणार नाही.” आईवडिलांनी हे मनापासून सांगितलं. पण पदवी आपल्याला फ्लॅटच्या दारापर्यंत नेते, दार उघडणं तिच्या हातात नाही. नकार मिळाला की आपण आणखी दोन स्टेशनं पुढे सरकतो आणि “तिकडे भाडं कमी आहे” असं सांगतो. मीही तेच सांगत होते. रोजच्या प्रवासातला तो जादा वेळ जातीने घेतलेला असतो, हे बोलायला लाज वाटते. ती लाज आपली नाही.

संविधानाचं कलम १५ दुकान, हॉटेल, विहीर इथला भेदभाव थेट रोखतं. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही आणि खासगी घरमालकांना लागू होईल असा सर्वंकष भेदभावविरोधी कायदा देशात अजून झालेला नाही. तो मागायला हवा. तोवर प्रत्येक नकाराची तारीख, वेळ, निरोप जपून ठेवा आणि एकमेकांना सांगा. “मालकाची आवड” म्हणून तो सोडून देऊ नका.

लोकलमध्ये “जरा सरका” म्हटलं की चौथी सीट मिळते. तिथे आडनाव कुणी विचारत नाही. शहरात राहायला जागा मागताना तरी ते का सांगावं लागावं?