विश्लेषण : चाळिशीनंतर कामात मन का लागत नाही? दोष वयाचा, फोनचा की नोकरीच्या रचनेचा?

पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेली, पगार बरा, कामात चूक नाही. तरीही सकाळी लॅपटॉप उघडला की हात चालत नाही. एका मेलचे उत्तर लिहिता लिहिता दुपार होते. चाळिशी-पंचेचाळिशीतील अनेकांची ही तक्रार असते आणि बहुतेक जण त्याला स्वतःचा आळस समजून गप्प बसतात. पण यामागची कारणे वेगळी आहेत आणि प्रत्येक कारणावरचा उपायही वेगळा आहे.

विषय आता चर्चेत का?

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. कात्री प्रामुख्याने मधल्या आणि वरिष्ठ फळीवर चालणार होती. त्यामुळे हिंजवडी, खराडीपासून नवी मुंबईपर्यंत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : आता आपला नंबर का?

‘गॅलप’ या संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरात कामात मनापासून गुंतलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण २०२४ मध्ये २३ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. व्यवस्थापकांमध्ये घसरण अधिक, ३० वरून २७ टक्के. म्हणजे इतरांना उत्साह देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांचाच उत्साह आटतो आहे.

संशोधन काय सांगते?

अर्थतज्ज्ञ डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी २००८ मध्ये मांडले, की आयुष्यातील समाधानाचा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो. तरुणपणी वर, चाळिशीच्या मध्यावर तळाला आणि पुढे पुन्हा वर. अनेक देशांच्या आकडेवारीत हा आकार दिसला.

हे चित्र आता बदलते आहे. ब्लँचफ्लॉवर यांच्याच २०२५ च्या नव्या अभ्यासानुसार सर्वाधिक निराशा आता तरुणांमध्ये आढळते. मात्र मधल्या वयाची स्थिती सुधारली म्हणून आलेख बदललेला नाही, तरुणांची बिघडली म्हणून बदलला आहे. थोडक्यात, पंचेचाळिशीचा प्रश्न जागेवरच आहे. त्याला सोबत मिळाली आहे इतकेच.

पंचेचाळिशीतच का?

पहिले कारण अपेक्षांचे. अर्थतज्ज्ञ हॅनेस श्वांट यांनी जर्मनीतील १९९१ ते २००४ या काळातील माहिती तपासली. तरुण लोक पाच वर्षांनंतरच्या समाधानाचा अंदाज फार वरचा बांधतात, असे त्यात दिसले. तो वर्षानुवर्षे चुकत जातो. मध्यमवयात मागची निराशा साचलेली असते आणि पुढची आशाही ओसरते. त्यामुळे सगळे ठीक असणाऱ्यालाही रिकामे वाटू शकते. दिलासा एवढाच, की वय वाढते तशा अपेक्षा जमिनीवर येतात आणि समाधान पुन्हा वाढू लागते.

दुसरे कारण नोकरीच्या रचनेचे. आयटी कंपनीची उतरंड पिरॅमिडसारखी असते. वर जावे तशा जागा कमी. ज्या कामासाठी इंजिनीअरिंग केले, ते कोड लिहिण्याचे काम अनेकांच्या हातून आठ-दहा वर्षांत सुटते. बढतीनंतर उरतात एक्सेल शीट, क्लायंट कॉल आणि दुसऱ्यांची अप्रेझल. कोड चालला की नाही हे मिनिटात कळते. व्यवस्थापकाच्या निर्णयाचे फळ कळायला सहा महिने जातात आणि तेव्हाही श्रेय कोणाचे हे स्पष्ट नसते. आज काय केले, याचे उत्तर रोज संध्याकाळी मिळाले नाही, तर उत्साह टिकणार कसा?

त्यात गृहकर्जाचे हप्ते, मुलांची दहावी-बारावी आणि आईवडिलांची दुखणी याच वर्षांत एकत्र येतात.

लक्ष लागत नाही, म्हणजे बुद्धी मंदावली का?

सरसकट तसे नाही. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्माइन यांच्या २०१५ च्या अभ्यासात बुद्धीच्या वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या वयात शिखर गाठतात, असे आढळले. माहिती हाताळण्याचा वेग विशीच्या आतच शिखरावर असतो, तर शब्दसंपदा साठीपर्यंत वाढत राहते.

एकाग्रतेला पडद्याचाही फटका बसतो आणि तो सर्व वयांत बसतो. संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या मोजणीनुसार संगणकाच्या एका पडद्यावर लक्ष टिकण्याचा सरासरी काळ २००४ मध्ये सुमारे अडीच मिनिटे होता. अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांवर आला. मधल्या फळीचे कामच चॅट, कॉल आणि मेलमधून चालते, म्हणून तिला हे अधिक जाणवते.

थकवा, कंटाळा आणि आजार कसे ओळखायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे. संघटना त्याला आजार म्हणत नाही; कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणते.

सुटीत बरे वाटते आणि रविवारी संध्याकाळी छातीत धडधड सुरू होते, तर रोख कामाकडे असू शकतो. पण आवडते छंद, जेवण, माणसे यांतलाही रस गेला, झोप बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर नैराश्याची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा झोपेत श्वास अडकणे यांनीही असेच होते. महिलांमध्ये रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत झोप आणि स्मरण यांवर परिणाम होऊ शकतो. केंद्राची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

मग उपाय काय?

‘नोकरी बदला’ हा सल्ला आजच्या बाजारात अनेकांना परवडणारा नाही. संशोधक एमी रेझेस्निव्हस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये ‘जॉब क्राफ्टिंग’ ही कल्पना मांडली : पद तेच ठेवून कामाचा काही भाग स्वतः बदलणे. व्यवस्थापकाने आठवड्यातील काही तास हाताने करायच्या तांत्रिक कामाला द्यावेत, एखाद्या नवशिक्याला शिकवावे, रोज तासभर नोटिफिकेशन बंद ठेवावीत, ही त्याची साधी रूपे.

पण सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकून चालणार नाही. व्यवस्थापक न होताही पगार आणि मान वाढेल, अशी तांत्रिक बढतीची वाट कंपन्यांनी खरोखर चालती ठेवायला हवी. नोकरी जाण्याची भीती माणसाला व्यग्र दिसायला शिकवते, कामात रमायला नाही. वीस वर्षांचा अनुभव केवळ ‘महाग खर्च’ म्हणून मोजला गेला, तर तो अनुभव असलेला माणूस मनाने आधीच राजीनामा देतो. कागदावरचा राजीनामा न आल्याने कंपनीला ते उशिरा कळते.