भीमेत आपली बोट कधी उतरणार?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ‘बोट’ हा शब्द वर्तमानपत्रात बहुतेक वेळा एकाच बातमीत येतो. भीमेच्या किंवा घोडच्या पात्रात बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटी पथकाने पकडल्या आणि जिलेटिनचा स्फोट करून उडवून दिल्या. काही महिन्यांनी गावाचे नाव बदलते, बातमी तीच राहते. अशा बोटीवर इंजिन बसवणारा, वाळूचा पंप जोडणारा, मध्येच बंद पडले तर पात्रातच खोलून चालू करणारा कोणी मेकॅनिक असतोच. त्याचा हात वाखाणण्यासारखा असतो. त्या हाताला मिळालेले काम तेवढे चुकीचे असते.

मला आज वेगळ्या बोटीबद्दल लिहायचे आहे. अमेरिकेत २००८ पासून ‘रोबोबोट’ नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. नियम सांगायला सोपा, पाळायला अवघड. बोट पाण्यात सोडली की रिमोटला हात लावायचा नाही. कॅमेरा, जीपीएस आणि सेन्सर यांच्या आधारे बोटीने स्वतःच लाल-हिरव्या तरंगत्या खुणांमधून वाट काढायची, अडथळे चुकवायचे, ठरलेल्या धक्क्याला जाऊन लागायचे. काही बिनसले तर मोटार तत्काळ बंद करण्याची सोय सक्तीची. शिवाय गुण केवळ पाण्यातल्या कामगिरीला नसतात. बोट अशीच का बांधली, चाचण्या कशा घेतल्या, याचा लेखी अहवाल द्यावा लागतो आणि परीक्षकांसमोर उभे राहून बोलावे लागते.

२०१८ साली ही स्पर्धा इंडोनेशियातल्या सुराबाया शहरातील सरकारी तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी जिंकली. त्यांच्या संघाचे नाव ‘बारुनास्त्र’, म्हणजे आपले वरुणास्त्र. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशातील मुले आपल्या संघाला वरुणाचे नाव देतात आणि त्यांच्या इमानाला धक्का लागत नाही. नावांवरून वाद घालण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, तेवढ्या वेळात त्यांनी बोट बांधली.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ नावाची स्वयंचलित पाणबुडी घडवली आणि २०१६ साली ‘रोबोसब’ या जागतिक स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. अभिमानाची गोष्ट आहे. पण पवईच्या तलावाकाठच्या त्या संस्थेत शिरूर-दौंडच्या मोहल्ल्यातील किती मुले पोहोचतात? सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की मुस्लिम समाजात स्वयंरोजगार आणि कारागिरीवर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि उच्च शिक्षणात पोहोचणाऱ्यांचे कमी. त्याचा अर्थ गॅरेजमध्ये जाऊन पाहावा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोटारीचे वाइंडिंग करतो, आवाजावरून बेअरिंग गेल्याचे सांगतो. मात्र हे सगळे कागदावर लिही म्हटले की तो मान खाली घालतो. शाळेत गणित आणि इंग्रजीने त्याला हरवलेले असते. दुसरीकडे नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीने कधी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरलेला नसतो. ही दोन मुले एका टेबलाशी बसतील अशी एकही जागा आपण तयार केलेली नाही.

आपल्या सभांमधून अल-जझरीचे नाव हमखास घेतले जाते. बाराव्या-तेराव्या शतकातला हा मुस्लिम यंत्रकार. त्याने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्यावर तरंगणारी, यांत्रिक वादक बसवलेली बोटही आहे. वक्ता एवढे सांगतो, टाळ्या पडतात, चहा होतो आणि आपण घरी जातो. अल-जझरी हा दरबारात काम करणारा कारागीर होता, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याने यंत्रे स्वतः बनवून पाहिली आणि दुसऱ्याला बनवता यावीत अशी आकृत्यांसह लिहून ठेवली. हात आणि लेखणी एकाच माणसाजवळ होती. त्याचा वारसा सांगायचा असेल तर टाळ्यांनी भागणार नाही.

म्हणून माझी सूचना आहे. दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात शाल, ट्रॉफी आणि मंडपावर जो खर्च होतो, त्याचा काही भाग बाजूला काढून शिरूर आणि दौंडने मिळून एक लहान स्वयंचलित बोट स्पर्धा भरवावी. प्रत्येक संघात एक आयटीआयचा विद्यार्थी, एक शाळेतली मुलगी आणि एक गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा असलाच पाहिजे. उर्दू शाळा, मराठी शाळा, मदरसा, सर्वांना प्रवेश. मुस्लिमेतर मुलांना तर आवर्जून बोलवावे. नदी दोन्ही तालुक्यांची आहे, स्पर्धाही सर्वांचीच हवी. अहवाल मराठी, उर्दू किंवा इंग्रजी, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत चालेल. पण अहवाल नाही तर बक्षीस नाही.

बोटीचा सांगाडा पीव्हीसी पाइप आणि फायबरचा होतो. बोट आपोआप चालवणारी ‘आर्डुपायलट’ ही प्रणाली फुकट मिळते. जीपीएस, मोटार, बॅटरी आता दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि पाच वर्षांत शासकीय शाळांत अशा ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. आपल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी हा विषय अजेंड्यावर घेतला आहे का, हे पालकांनी विचारावे.

स्पर्धेला एक काम जोडावे. जिंकणारी बोट केवळ वेगवान नको, तिने पाण्याचा हिशेबही आणावा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून आपल्या दारावरून उजनीत जाते. जलपर्णी आपण पाहतो, वास आपण सोसतो, पण तक्रार करताना हातात आकडा नसतो. पाण्याचा सामू, क्षार आणि तापमान मोजणारी बोट ठरलेल्या ठिकाणी दर महिन्याला फिरली, तर ग्रामसभेत अर्जासोबत नोंदवही ठेवता येईल. ती सरकारी प्रयोगशाळेची जागा घेणार नाही, पण तपासणी मागायला आधार देईल.

कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत आहे आणि तुम्ही रोबोटच्या गोष्टी करता. आक्षेप खरा आहे. म्हणूनच जकातीचा पैसा गरजूंच्या फीसाठी आणि औषधासाठीच राहू द्या. ही स्पर्धा ऐच्छिक वर्गणीतून व्हावी आणि गॅरेजमधल्या मुलाची त्या दिवसांची रोजी बुडणार असेल तर तीही वर्गणीतून भरून द्यावी. दुसरा आक्षेप पाण्याच्या भीतीचा. तोही खरा आहे. २०२४ च्या मे महिन्यात उजनीत प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. शेततळ्याच्या निसरड्या कागदावरून घसरून मुले बुडतात. तेव्हा सराव उथळ हौदात, काठावर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि बोट अडकली तरी कोणीही पाण्यात उतरायचे नाही, हा पहिला नियम.

पहिल्या वर्षी निम्म्या बोटी बुडतील, काही गोल-गोल फिरत राहतील. त्या का बुडाल्या हे मेकॅनिक मुलगा सांगेल, मुलगी लिहून घेईल, आणि पुढच्या वर्षी कदाचित तोच लिहील. भीमेच्या पात्रातल्या बोटीची ती बातमी वाचायची माझी इच्छा आहे.