चिकटवलेला आनंद

सोनेरी टिकली आता तिथेही पोचली. गुंतवणूक, वजन घटवा, पहाटे पाचला उठा, असल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावरची ती गोल चमचमती टिकली मी इतकी वर्षं सहन केली. सहन केली म्हणजे याच जागेवरून तिला शिव्या घातल्या. पण ख्रिस्ती भक्तिवाङ्मयाचं कपाट तिच्या तावडीतून सुटलंय, अशी माझी भाबडी समजूत होती. या आठवड्यात एका अनुवादित पुस्तकावर ती दिसलीच: तीस दिवसांत कायमचा आनंद. आत रोज एक पान. वर बायबलमधलं एक वचन, खाली लेखकाचा दोन परिच्छेदांचा उपदेश, आणि तळाशी एक ते दहा आकडे. आज वाचून किती आनंद झाला, त्या आकड्याला गोल करायचा.

टिकली सोलायला गेलं की मुखपृष्ठाचं सालही निघतं, हे मी पूर्वी लिहिलंय. टिकलीवालं पुस्तक कुणी पन्नासाव्या पानापुढे वाचत नाही, हेही लिहिलंय. त्यावर पुरावा मागणारी पत्रं अजून येतात. त्यांनी रद्दीवाल्याकडे जाऊन पानांच्या कडा बघाव्यात: सुरुवातीच्या मळक्या, पुढच्या कोऱ्या. माझा पुरावा एवढाच आहे आणि मला तो पुरतो.

पण हे आकड्यांचं प्रकरण जास्त चीड आणणारं आहे. कारण वाचनातून होणाऱ्या आनंदाची काळजीपूर्वक तपासणी ख्रिस्ती परंपरेत एका माणसाने खरोखर केली होती, आणि त्याने ती नेमकी उलट्या बाजूने केली.

लोयोलाचा इग्नाशियस. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांच्या तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, तेव्हा तो तिशीचा सरदारपुत्र होता आणि संत वगैरे होण्याची लक्षणं शून्य होती. हाड वाकडं जुळलं म्हणून घरी आणल्यावर पाय पुन्हा मोडून बसवला. तरीही गुडघ्याखाली एक हाड वर आलेलं राहिलं. तंग बूट घातल्यावर ते वाईट दिसेल, म्हणून ते त्याने कापायला लावलं. भूल नाही, काही नाही. एवढा नटवा माणूस पुढे कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने वाचायला काय मागावं? शूर सरदारांच्या प्रेमकथा. तेव्हाच्या स्पेनमध्ये त्यांचा सुळसुळाट होता, आणि त्या काळी टिकल्या असत्या तर सगळ्या त्यांच्यावरच असत्या. त्या घरात मात्र तसलं एकही पुस्तक निघालं नाही. मिळाली दोनच: लुडॉल्फ या सॅक्सनीच्या संन्याशाने लिहिलेलं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा संग्रह. निवड नव्हती, शिफारस नव्हती, घरात होतं ते वाचलं.

पुढचं त्याने म्हातारपणी एका सहकाऱ्याला तोंडी सांगितलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. पडल्या पडल्या इग्नाशियस दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा. एक स्वप्न कुणा थोर घराण्यातल्या स्त्रीचं: तिच्यासाठी कुठे जायचं, काय बोलायचं, कोणते पराक्रम करायचे. त्यात तीन-तीन, चार-चार तास निघून जात. दुसरं त्या पुस्तकांमुळे पडू लागलेलं: फ्रान्सिसने केलं, डॉमिनिकने केलं, मग मी का नाही? अनवाणी जेरुसलेमला जावं, पालेभाजीवर राहावं. रंगवत असताना दोन्ही गोड लागत. हा तपशील माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. त्या घटकेला त्याच्यापुढे कुणी एक ते दहा आकडे ठेवले असते, तर त्या बाईला नऊ मिळाले असते आणि जेरुसलेमला फार तर सात. फरक नंतरचा. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं. दुसरं ओसरल्यावरही प्रसन्नता मागे राहायची. बरेच दिवस हा फरक त्याच्या ध्यानातच आला नाही. एकदा आला, आणि मग तो त्याच्याकडे चक्रावून बघत राहिला. पुढे त्याने जी आध्यात्मिक साधना लिहिली, 1548 साली छापली आणि जी त्याने स्थापलेल्या येशूसंघाचे लोक आजही करतात, तिच्यातली मनाच्या हालचाली पारखण्याची सगळी पद्धत या निरीक्षणावर उभी आहे.

इथे एक शंका काढायलाच हवी, कारण भक्त मंडळी ती काढत नाहीत. तराजूच्या एका पारड्यात पुस्तक होतं, दुसऱ्यात नव्हतंच. प्रेमकथा त्याला त्या खोलीत मिळाल्या असत्या तर काय झालं असतं? त्याने तोलल्या त्या आधी वाचलेल्या कथांच्या आठवणी. शिवाय लंगडा झालेला सरदार पराक्रमाच्या स्वप्नाने उदास होणार नाही तर काय! हे मान्य. तरीही मापायची वेळ त्याने बरोबर पकडली, असं मी म्हणेन. जेवण कसं होतं हे ताटावर बसलेल्याला विचारू नये, दोन तासांनी विचारावं. मासिकांपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांचा धंदा ताटावरच्या उत्तरावर चालतो आणि आता उपासनेच्या पुस्तकांनीही तोच हिशेब उचललाय.

आणखी एक. इग्नाशियसने ती पुस्तकं नुसती वाचली नाहीत, त्यांतलं महत्त्वाचं उतरवून काढलं. गुळगुळीत, आखलेल्या कागदावर सुमारे तीनशे पानांची वही भरली; ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने, मरियेचे निळ्या. अक्षर चांगलं होतं, हे सांगायलाही तो विसरला नाही. तंग बुटांची हौस अशी कुठे तरी जिरलीच. साधनेत तो बजावतो की पुष्कळ जाणून घेतल्याने जीव तृप्त होत नाही. जिथे गोडी लागली तिथेच थांबा, पुढे पळायची घाई नको. वर्षाला बावन्न पुस्तकं वाचण्याचा विडा उचलणाऱ्यांनी हे वाचू नये, पंचाईत होईल. त्याच्या हजारभर वर्षं आधी, मिलानच्या बागेत ऑगस्टिनने पौलाचं पत्र उघडलं, एक उतारा वाचला आणि पुस्तक मिटलं. पुढे वाचायची त्याला गरजच वाटली नाही. याला आजच्या वाचनकट्ट्यावर ‘अर्धवट सोडलं’ या रकान्यात टाकतील.

आणि ‘कायमचा’? इग्नाशियस असलं वचन देतच नाही. आनंद येतो आणि जातो, हे त्याने गृहीतच धरलंय. तो गेल्यावर काय करावं यावर त्याचे रोकडे नियम आहेत. त्यातला मुख्य असा: मन काळवंडलेलं असताना आधी केलेले निश्चय बदलू नका. तिसाव्या दिवशी आकडा तीनवर आला तर काय करायचं, हे त्या नव्या पुस्तकात नाही. तीस दिवस पुरवण्याची हमी आहे, एकतिसाव्या दिवशी बहुधा दुसरा भाग.

त्याच इग्नाशियसच्या संघातला एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यात सासष्टीला येऊन मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचतो, ही आपल्याकडची कथा वाचकांना ठाऊक आहे. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ते का लिहिलं गेलं, हे ग्रंथातच आलंय: नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं चर्चने बंद केली होती, आणि आता आम्ही वाचायचं काय, असा सरळ प्रश्न एक ब्राह्मण पाद्रीबाबांना करतो. म्हणजे वाचनाची भूक आधीची होती आणि ती चर्चनेच उपाशी ठेवली होती. हे सोयीस्करपणे विसरून ‘मिशनऱ्यांनी वाचनाची गोडी लावली’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. ओवी तिथे होतीच. स्टीफन्सचं मोठेपण हे की त्याने ती ओळखली. रविवारी, सणावारी देवळात हे पुराण मोठ्याने वाचलं जाई. छापलेल्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत हाती नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतल्यामुळे. उतरवणाऱ्यांच्या रांगेत इग्नाशियस बसतो, टिकलीवाला नाही.

राहता राहिली किंमत. कायमच्या आनंदाची जाहिरात करणारे ती छापत नाहीत. नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतल्या एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, तो त्यांनी वाचायचा शब्द दिला म्हणून वाचायला घेतला आणि गिरिप्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वाचनाचा आनंद टिळकांना जन्मभर पुरला, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचं बिल काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी भरलं. नवरा जिवंत असून वेगळं राहणं, नातेवाइकांचे टोमणे, सोवळं-ओवळं, पोराची काळजी. पुढे त्या स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर गेल्या, पण टिळकांच्या नव्या कराराने नव्हे. त्यांचा जातिभेद गळून पडला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि ते कसं घडलं हे त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’त सांगितलंय.

एका वाचकाने विचारलं होतं की टीका पुरे, ख्रिस्ती वाचनासाठी एखादं नाव द्या. घ्या: ‘स्मृतिचित्रे’, पहिला भाग 1934. पुस्तकात कुणालाच उपदेश नाही, नवऱ्याच्या लहरींना मात्र चिमटे भरपूर, आणि इतकं हसवणारं धर्मांतराचं पुस्तक दुसरं मला माहीत नाही. दुकानात ते ख्रिस्ती कपाटात शोधू नका. आत्मचरित्रांत असतं.