सात फोटो, एक घर आणि गायब आजी

मामाचा फोन आला तेव्हा मी एका डेडलाइनच्या नावाने बोटं मोडत बसले होते. ‘अगं, पुढच्या रविवारी वास्तुशांत. जुन्या घराचं तू काढलेलं ते लांबलचक काहीतरी होतं ना? मोठं करून आण. हॉलच्या भिंतीवर लावू.’

ते ‘लांबलचक काहीतरी’ म्हणजे 2019च्या मेमध्ये, गुहागरजवळच्या आजोळी, अंगणात उभं राहून डावीकडून उजवीकडे फिरत काढलेले सात उभे फोटो. विहीर, तुळशीवृंदावन, ओटी, ओटीवरचा झोपाळा, गोठा आणि शेवटी मामाची स्कूटर. 2021मध्ये आजी गेली. नंतर घरही उतरवलं, आता तिथे स्लॅबचा बंगला उभा आहे. थोडक्यात, रीटेकला स्कोप नाही.

तेव्हा फोनचा पॅनोरमा मोड का नाही वापरला, असं तुम्ही विचारालच. कारण कलात्मक वगैरे अजिबात नाही. ‘हळू फिरवा, हळू फिरवा’ असं तो फोन सारखा बजावत होता आणि मला वैताग आला होता. पण तो वैताग केवढ्याला पडला असता ते आता कळतंय, किंवा केवढा वाचला! पॅनोरमा मोड सगळं तिथल्या तिथे चिकटवून मोकळा होतो. हातात उरतो एकच फोटो, त्यात मान कापलेली माणसं असली तरी. माझ्याकडे सातही फोटो सुटे होते.

फोटोशॉपमध्ये काम सोपं आहे. फाइल, ऑटोमेट, फोटोमर्ज. फोटो द्यायचे, लेआउट ‘ऑटो’ ठेवायचा, ‘ब्लेंड इमेजेस टुगेदर’वर टिक करायची आणि चहा टाकायला जायचं. फोटोशॉप नसेल तर हगिन नावाचं सॉफ्टवेअर चकटफू मिळतं, थोडं किचकट आहे इतकंच. दोन्हीचा फंडा एकच: शेजारच्या दोन फोटोंत सारखे दिसणारे ठिपके शोधायचे, कौलाचा कोपरा, भिंतीतली भेग वगैरे, आणि ते एकमेकांवर बसतील असे फोटो वाकवायचे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लोव यांनी 2003मध्ये दाखवून दिलं, की फोटोंचा नुसता ढीग दिला तरी कोण कोणाच्या शेजारचा हे कॉम्प्युटर स्वतः ओळखू शकतो. फक्त शेजारच्या दोन फोटोंत सारखा भाग भरपूर हवा. एक तृतीयांश तरी, चाळीस टक्के असेल तर उत्तम.

माझा चहा होईपर्यंत घर जोडून तयार होतं. पागोळ्यांची सरळ रेघ केळ्यासारखी वाकली होती, कारण ‘ऑटो’ने ‘सिलिंड्रिकल’ लेआउट घेतला होता. ‘पर्स्पेक्टिव्ह’ घेतला तर रेघ सरळ झाली, पण कडेची विहीर ताणून तळं झालं. इतक्या रुंद फोटोत दोन्ही मिळत नाही. मी केळं पत्करलं.

तुळशीवृंदावन मात्र मधोमध चिरलं होतं. चूक माझीच. डोळ्यांसमोर अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटून बघा: अंगठा उड्या मारतो, मागची भिंत हलत नाही. मी हात लांब करून, फोन धरून, स्वतःभोवती फिरले होते, म्हणजे प्रत्येक फोटोला कॅमेऱ्याची जागाच बदलली. लांबच्या माडांना त्याचं काही नाही, चार फुटांवरच्या तुळशीला आहे. फोन जागच्या जागी ठेवून आपण त्याच्याभोवती फिरायचं असतं. (शेजाऱ्यांना काय वाटेल याचं टेन्शन घ्यायचं नाही.) आणि पहिल्या फोटोआधी स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करायचं, नाहीतर माझ्यासारखं आकाश तीन रंगांचं येतं.

हे सगळं ठीक. पण आजी कुठेय?

झोपाळा रिकामा होता. मी मूळ फोटो उघडले. तिसऱ्यात ती झोपाळ्यावर बसलेली, हातात विणलेला पंखा. चौथ्यात नाही. ‘चहा घेतेस ना?’ म्हणत ती मध्येच उठली होती. झोपाळा दोन्ही फोटोंत आहे, आणि सॉफ्टवेअरला त्यातला एक निवडायचा होता. जोड दिसू नये एवढंच ते बघतं, त्यात आजी कोण ते त्याला काय माहीत! त्याने रिकामा झोपाळा निवडला.

पण त्याने तिला पुसलेलं नव्हतं, फक्त झाकलं होतं. फोटोमर्ज सातही फोटो वेगवेगळ्या लेयरवर ठेवतं आणि प्रत्येकाला मास्क लावतं. मास्क काळा तिथे फोटो लपतो, पांढरा तिथे दिसतो. मी चौथ्याच्या मास्कवर झोपाळ्यापुरता काळा ब्रश फिरवला, तिसऱ्याच्या मास्कवर पांढरा. आधी पंखा आला, मग हात, मग चष्मा.

आली, पण दोन झोपाळ्यांवर. झोका चालू होता ना! मग कड्या थेट तुळईपर्यंत तिसऱ्या फोटोतल्या घेतल्या, खालची सावलीसुद्धा. तुळस याच युक्तीने अखंड एका फोटोतून उचलली. तिच्यामागची ओटीची पायरी एक बोटभर तुटलीय, ती तशीच सोडली. रात्रीचे अडीच वाजले होते.

कडा कापून रुंदी साधारण तेरा हजार पिक्सेल उरली, म्हणजे 300 डीपीआयने साडेतीन फुटांहून थोडी जास्त. भिंतीला पुरेल.

प्रिंटला पाठवण्याआधी फाइल झूम करून बघत होते. चौथ्या फोटोतलं माजघराचं दार, अंधारात, आणि उंबऱ्यापाशी हिरव्या पदराचं टोक. आत जाणारी आजी! म्हणजे माझ्या पॅनोरमात ती झोपाळ्यावरही आहे आणि दारातही. क्लोन स्टँपने दोन मिनिटांत गेलं असतं. कर्सर तिथवर नेला, आणि मग फाइल सेव्ह करून टाकली.

वास्तुशांतीला मामा फोटोसमोर बराच वेळ उभा होता. घराचं जहाज का केलंस, म्हणून आधी हसला. मग दारावर बोट ठेवलं.

‘ही बघ, चहा टाकायला गेली.’