वाडा आणि दुकान

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दुकानांच्या रांगा दिसतात. कापड, भांडी, पुस्तके, मिठाई यांनी त्या गजबजलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाची नजर साहजिकच मालावर खिळते. पण तीच नजर जरा वर उचलली, तर पाट्यांच्या आडून एखाद्या सागवानी तुळईचे कोरीव टोक किंवा नक्षीदार खिडकी डोकावताना दिसते. ज्या इमारतीत हे दुकान थाटले आहे, तो मुळात कोणा सरदाराचा, सावकाराचा किंवा शास्त्रीबोवांचा राहता वाडा होता, हे तेव्हा ध्यानात येते.

वाड्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर वरचा मजला, असा हा सांगाडा. इमारतीचा बराचसा भार हा सांगाडा पेलतो. विटांच्या आणि मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात. मध्यभागी उघडा चौक आणि त्याच्या भोवती ओसरी, सोपा, माजघर. चौकातून उजेड आणि वारा घरभर खेळतो. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरील केळफुलाची नक्षी आणि खांबांमधील महिरपी पाहिल्या, म्हणजे त्या काळच्या सुतारांच्या हाताची कसब कळते.

असे वाडे दुकानांच्या स्वाधीन का झाले? एकत्र कुटुंबे विभागली आणि एका वाड्यात अनेक भाडेकरू आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना आधार मिळाला. परंतु भाडी गोठली आणि मालकांना दुरुस्तीचा खर्च झेपेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या पुरात नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे कोसळले. जे उरले, त्यांच्या रस्त्याकडील खोल्यांना व्यापारी चांगले मोल देऊ लागले. संसार चालवणाऱ्या मालकाने ते स्वीकारले, यात त्याला दोष देता येत नाही.

दोष आहे तो अविचाराने केलेल्या फेरफारांत. दुकानाचे तोंड रुंद करण्यासाठी मधला खांब काढला, की त्याचा भार शेजारच्या खांबांवर पडतो व वरचा मजला कलू लागतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, की आतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चौकावर पत्रे घातले, की घर अंधारते व कोंदटते. छताला नवे आच्छादन लावले, की वरच्या तुळईला लागलेली वाळवी कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. असा वाडा पडला, तर ‘जुनाच होता’ असे म्हणून लोक मोकळे होतात. वास्तविक त्याला म्हातारपणाने नव्हे, तर माणसांच्या हेळसांडीने मारलेले असते.

काही लोक म्हणतात, वाड्यात दुकान नकोच. हे म्हणणे भावनेला पटले, तरी व्यवहाराला धरून नाही. ज्या घरात कोणाचा वावर नाही, ते लवकर ढासळते. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा १८०७ साली बांधला गेला. पुढे १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत वाड्याची बरीच हानी झाली, तरी त्याची डागडुजी करण्यात आली. नंतर त्यात सरकारी कचेऱ्या आल्या. उपयोग बदलत गेला, पण रस्त्यावरची कोरीव लाकडी सज्जाची शोभा टिकली. तेव्हा वास्तूचा उपयोग बदलला म्हणजे ती नष्ट होते असे नाही; तिचा सांगाडा, चौक आणि दर्शनी भाग यांना धक्का लागला म्हणजे ती नष्ट होते.

याची दुसरी बाजू बुधवार पेठेतील भिडेवाड्याने दाखवली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा येथेच काढली. पुढे त्या वाड्यात दुकाने आली. जागेचा वाद न्यायालयात अनेक वर्षे चालला आणि तेवढ्या काळात वास्तू मोडकळीस आली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती पाडावी लागली. स्मारक अवश्य व्हावे. परंतु ज्या भिंतींनी त्या मुलींची पहिली अक्षरे ऐकली, त्या आता कोणालाही परत उभ्या करता येणार नाहीत.

म्हणून व्यापाऱ्याने पाटी लहान लावावी, खांबाला हात लावण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि मिळकतीचा काही भाग डागडुजीसाठी राखून ठेवावा. नगरपालिकेने मालकाला नुसते नियम न दाखवता मदतही करावी. आणि विद्यार्थ्यांनी? त्यांनी दुकानात शिरण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहावे. ज्या वास्तूकडे कोणी पाहतच नाही, ती वाचवण्यासाठी कोणी धावतही नाही.