टोरेस दिला, पण कुणाच्या बदल्यात?

रविवारी शिकागोहून भाच्याचा फोन आला तो तावातावानेच. त्याच्याकडे दोन मित्र जेवायला आले होते. ताटं उचलून झाली तरी वाद मिटला नव्हता, म्हणून निवाड्याला आत्याला मध्ये घातलं. वाद काय, तर ग्लेबर टोरेसला देऊन टाकलं ते शहाणपणाचं होतं की नाही. या सौद्याला दहा वर्षं होत आली, टोरेस तिसऱ्या शहरात पोचला, तरी शिकागोत हा विषय निघाला की माणसं अजून जेवण थंड होऊ देतात. मी ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता चिडले. तिघंही भली मुलं, बेसबॉलचे आकडे तोंडपाठ असलेली. पण तिघंही भलत्याच माणसावरून भांडत होती.

हकीकत थोडक्यात सांगते. २०१६च्या जुलैत शिकागो कब्स आपल्या गटात पहिल्या क्रमांकावर होते. १९०८नंतर त्यांनी वर्ल्ड सीरिज जिंकली नव्हती. शेवटच्या इनिंगमध्ये येऊन सामना बंद करणारा खात्रीचा पिचर, म्हणजे क्लोजर, त्यांना हवा होता. २५ जुलैला त्यांनी न्यूयॉर्क यँकीजकडून क्यूबाचा डावखुरा अ‍ॅरोल्डिस चॅपमन घेतला आणि बदल्यात चार खेळाडू दिले. त्यातला एक १९ वर्षांचा व्हेनेझुएलाचा शॉर्टस्टॉप ग्लेबर टोरेस. चॅपमनचा करार त्या मोसमाअखेर संपणार होता. २ नोव्हेंबरला कब्स जगज्जेते झाले. डिसेंबरात चॅपमन यँकीजकडे परत गेला. टोरेस २०१८मध्ये यँकीजकडून उतरला, पहिल्या वर्षी २४ होमरन, दुसऱ्या वर्षी ३८, दोन्ही वर्षी ऑल-स्टार संघात. कब्स त्यानंतर एकदाही वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचलेले नाहीत.

शॉर्टस्टॉपसाठी एवढा जीव का टाकतात, हे मला दादाने शिकवलं. दादा म्हणजे या भाच्याचे वडील. नोकरीसाठी शिकागोला गेला तो तिथलाच झाला, आणि कब्सचा झाला. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे जमिनीलगतचे फटके बहुतेक त्याच बाजूला येतात. ते धावत जाऊन उचलायचे आणि अंगाचा तोल सुटलेला असतानाही पहिल्या बेसपर्यंत सरळ फेकायचे. पॉइंटला उभा असलेला जाँटी ऱ्होड्स ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या पोराला ही जागा झेपते, त्याला उद्या दुसऱ्या बेसवर, तिसऱ्या बेसवर, आउटफिल्डमध्ये कुठेही उभं करता येतं. म्हणून सगळे क्लब सोळा-सतरा वर्षांचे शॉर्टस्टॉप हेरत हिंडतात.

आणि ही जागा कच्ची राहिली की काय होतं, ते दादाने डोळ्यांनी पाहिलं होतं. १४ ऑक्टोबर २००३, रिग्ली फील्ड, फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध सहावा सामना. आठवी इनिंग, कब्स ३-० पुढे, वर्ल्ड सीरिज गाठायला फक्त पाच बाद हवे होते. स्टँडमधल्या एका प्रेक्षकाचा हात फाउल चेंडूला लागला आणि झेल हुकला. सगळं शहर त्या बिचाऱ्याच्या मागे हात धुऊन लागलं, त्याला घराबाहेर पडणं मुश्कील केलं. दादा त्या रात्रीपासून एकच सांगत राहिला, की त्यानंतर शॉर्टस्टॉप अ‍ॅलेक्स गोन्झालेझच्या हातून सरळ आलेला ग्राउंडर सुटला, तो उचलला असता तर एका फटक्यात दोघे बाद होऊन इनिंग संपली असती, त्याबद्दल कुणी का बोलत नाही? मार्लिन्सनी त्या एका इनिंगमध्ये आठ धावा केल्या. पगारी खेळाडूची चूक तिकीट काढून आलेल्या माणसाच्या माथी मारतात, याचा दादाला शेवटपर्यंत राग होता. तो राग मला पटत होता, अजूनही पटतो.

तर असा शॉर्टस्टॉप, तोही १९ वर्षांचा, तीन-साडेतीन महिन्यांच्या पाहुण्यासाठी दिला. भाचा म्हणतो, खुळेपणा. एक मित्र म्हणतो, चषक आला ना, मग विषय संपला. दुसरा दोघांच्या मध्ये कागद-पेन घेऊन बसलेला. टोरेसने किती वर्षं किती धावांची भर घातली असती, बाजारात तेवढ्यासाठी किती मोजावे लागले असते, चॅपमनने किती सामने राखले. त्याच्या हिशेबात टोरेस म्हणजे वाढत्या भावाचा प्लॉट.

या हिशेबाने मी पहिल्यांदा उसळले. कराकसच्या या मुलाला कब्सनी २०१३मध्ये १७ लाख डॉलर देऊन करारात बांधलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. २०१६च्या त्या जुलैत तो साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीचच्या कनिष्ठ संघात खेळत होता. तिथून त्याला उचलून यँकीजच्या हवाली केलं, आणि त्याला विचारायची गरजच नव्हती. आयपीएलमध्ये खेळाडूची अदलाबदल करताना निदान त्याची संमती लागते. अमेरिकेत मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या माणसाला अदलाबदल नाकारायचा हक्क मिळतो. तो करारात वेगळा लिहून घेणारे बडे खेळाडू असतात. बाकी सगळ्यांनी बॅग भरायची. हे तिथे सर्वांच्या इतकं अंगवळणी पडलंय की सौदा शहाणा की खुळा एवढंच विचारतात. पोराला कसं वाटलं असेल, हे वादात येतच नाही. टोरेसचं पुढे बरं झालं. त्याच्याच बरोबर गेलेल्या रॅशाड क्रॉफर्डचं नाव आज किती जणांना आठवतं?

तरीही निवाडा मागितलाच होता, तर मी दिला. टोरेस देण्यात कब्सचं काहीही चुकलं नाही.

क्लबचा कारभार थिओ एपस्टाइनच्या हातात होता. याच माणसाने २००४मध्ये बॉस्टनचा लाडका शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा मोसमाच्या मध्यात देऊन टाकला होता, तोही कब्सलाच, आणि त्याच शरदात रेड सॉक्सचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपला. २०१६मध्ये शिकागोकडे शॉर्टस्टॉपला बावीस वर्षांचा अ‍ॅडिसन रसेल होता, त्याच्या शेजारी हावियर बायेझ होता. टोरेससाठी जागा नव्हती. भाच्याने लगेच राईन सँडबर्गचं नाव काढलं. १९८२मध्ये फिलाडेल्फियाने त्याला लॅरी बोवाच्या जोडीला म्हणून कब्सना देऊन टाकलं आणि इव्हान डीहेसूस घेतला. सँडबर्ग पुढे शिकागोचा दैवतासमान दुसरा बेसमन झाला. खरंय. पण फिलाडेल्फियाच्या लोकांनी १९८०मध्येच चषक पाहिला होता. कब्सचा चषक पाहिलेलं माणूस जवळपास उरलंच नव्हतं.

मला या वादात सगळ्यात जास्त जे लागतं ते हे. 'उद्याचा विचार करा' असं क्लबांना सांगणारे चाहते सगळे तिशीतले-चाळिशीतले असतात. नव्वदीच्या माणसाला २०१९मधले ३८ होमरन काय कामाचे? त्याने १९४५ची हरलेली वर्ल्ड सीरिज तरुणपणी रेडिओवर ऐकलेली, १९६९चा हातातोंडाशी आलेला घास गेलेला पाहिला, १९८४ पाहिलं, २००३ पाहिलं. त्याला २०१६च हवं होतं. दर मोसमागणिक त्या रांगेतली माणसं गळत होती, त्यात माझा दादा होता. एक मुलगा शेकडो मैल गाडी चालवत वडिलांच्या कबरीपाशी जाऊन बसला होता आणि सातवा सामना त्याने तिथे रेडिओवर ऐकला, अशी बातमी तेव्हा आली होती. ती वाचून मी पेपर बाजूला ठेवला होता.

रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंती त्या आठवड्यात खडूने लिहिलेल्या नावांनी भरून गेल्या. आई, आजोबा, काका, ज्यांना हा दिवस दिसला नाही त्यांची नावं. वेव्हलँड अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला भाच्याने दादाचं नाव लिहिलं, देवनागरीत. त्याने पाठवलेला फोटो माझ्याकडे आहे. विटेच्या खरखरीत अंगावर खडू नीट उमटत नाही, त्यामुळे शिरोरेघ तीनदा गिरवलेली दिसते. निळ्या खडूची भुकटी खालच्या नावावर सांडली आहे. बाजूला कुणीतरी खांद्यावर घेतलेली लहान मुलगी जरा वरची कोरी जागा शोधतेय, कारण हात पोचेल तिथवर भिंत भरली होती. हे सगळं बघणारा, स्वतः तिथे लिहिणारा माझा भाचा आज म्हणतो की टोरेस द्यायला नको होता. मी त्याला फोनवर हेच विचारलं. त्याला उत्तर सुचलं नाही, आणि मलाही पुढे रेटावंसं वाटलं नाही.

माझं भांडण दुसऱ्या नावाशी आहे. टोरेसच्या बदल्यात आलेल्या माणसाबद्दल फोनवर कुणी अवाक्षर काढलं नाही.

ऑक्टोबर २०१५मध्ये चॅपमनचं फ्लोरिडातल्या घरी जोडीदारणीशी भांडण झालं. त्याने आपला गळा धरला, असं तिने पोलिसांना सांगितलं. त्याने ते नाकारलं. गॅरेजमध्ये त्याने आठ गोळ्या झाडल्या. पुरावा पुरेसा नाही म्हणून गुन्हा दाखल झाला नाही. मेजर लीगने मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या नव्या नियमाखाली त्याला ३० सामन्यांसाठी बाहेर बसवलं. या नियमाखाली बंदी आलेला तो पहिला खेळाडू. त्या प्रकरणामुळे लॉस एंजेलिसला व्हायचा त्याचा सौदा फिसकटला, भाव पडला आणि यँकीजने पडत्या भावात त्याला सिनसिनाटीकडून उचललं. सात महिन्यांनी शिकागोला चढ्या भावात विकलं, टोरेस मिळवला. एका बाईने पोलिसांना बोलावलं त्या रात्रीतून एका क्लबाने एवढा नफा काढला. या सौद्यात मला संताप येतो तो याचा, आणि गिऱ्हाईक आपलं होतं याचा.

दुसरा कुणी नव्हताच का? होता. यँकीजकडेच अँड्र्यू मिलर होता, डावखुरा, चॅपमनच्या तोडीचा, करार २०१८पर्यंतचा. सहा दिवसांनी यँकीजने त्याला क्लीव्हलँडला दिलं. क्लीव्हलँडने क्लिंट फ्रेझर आणि जस्टस शेफील्ड हे दोन नावाजलेले तरुण आणि आणखी दोघे मोजले. महाग पडला. मी टोरेसच्या जोडीला आणखी एक चांगला पोरगा देऊनही मिलरच मागितला असता, आणि हे मी २०१६मध्येही याच जागी लिहिलं होतं.

चॅपमनशिवाय चषक आला नसता, असं भाच्याचा मित्र म्हणाला. क्लीव्हलँडविरुद्धच्या त्या वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्यात चॅपमनने एकट्याने आठ जण बाद केले, हे मला मान्य आहे. तो सामना गेला असता तर सहावा झालाच नसता. पण सातव्यात, दमलेल्या हाताने, आठव्या इनिंगमध्ये रजाई डेव्हिसने त्याला होमरन मारला आणि ६-६ झाले. समोरच्या बाजूला मिलरलाही त्याच रात्री एकोणचाळीस वर्षांच्या डेव्हिड रॉसने होमरन मारला होता. पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला, दहाव्या इनिंगमध्ये बेन झोब्रिस्टचा डबल लागला आणि ८-७ने सामना संपला. शेवटचा गडी बाद झाला तो माइक माँटगोमेरीच्या चेंडूवर. त्याला कब्सनी त्याच जुलैत सिअ‍ॅटलकडून, फारसा गाजावाजा न करता, घेतलं होतं.

पुढे काय झालं तेही या वादात यायला हवं. ज्याच्यामुळे टोरेसला जागा नव्हती त्या रसेलवर २०१८मध्ये त्याच नियमाखाली ४० सामन्यांची बंदी आली आणि पुढच्या वर्षाअखेर कब्सनी त्याला सोडून दिलं. म्हणजे एकाच शरदात, एकाच मैदानावर, शिकागोच्या बायका ज्या दोघांसाठी टाळ्या वाजवत होत्या, त्या दोघांची नावं या बंदीच्या यादीत आहेत. सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ठरवताना माझ्या भाच्याच्या मित्राच्या कागदावर यासाठी रकाना नाही.

२०१६च्या त्या उन्हाळ्यात शिकागोतल्याच एका तरुण चाहतीने रकाना काढला होता. संघ तिचा होता, सोडायचा नव्हता, आणि गप्पही बसायचं नव्हतं. चॅपमन राखेल त्या प्रत्येक सामन्यामागे १० डॉलर घरातल्या हिंसेच्या बळींना वकील मिळवून देणाऱ्या शहरातल्या संस्थेला द्यायचे, असं तिने जाहीर केलं. बघता बघता इतर चाहते सामील झाले. नियमित मोसमात चॅपमनने कब्ससाठी १६ सामने राखले, म्हणजे तिच्या एकटीच्या पदरचे १६० डॉलर. चॅपमनला यँकीजने डिसेंबरात पाच वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला.