ताटाचा भाव आणि वाढप्याची मजुरी

शेजारच्या खानावळीनें ताटाचा भाव उतरविला कीं आपणहि उतरवावा, आणि येणारी खोट वाढप्याच्या पगारांतून भरून काढावी, ही आमच्या घरगुती धंद्यांची रीत होऊन बसली आहे. तेल व भाडें यांत सूट मिळत नाहीं. नोकर मात्र ‘घरचाच’ म्हणून सोसतो. नफ्याच्या वांटणीच्या वेळीं तो घरचा कां ठरत नाहीं, असें आम्ही मालकांस विचारतों.

समजा, ताटास सामान, इंधन व भाडें मिळून ७० रुपये लागले आणि रास्त मजुरी ३० रुपये झाली. तें ताट ९० रुपयांस विकणारा मालक दुसऱ्याच्या घामाचे १० रुपये गिऱ्हाइकास वांटीत असतो. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला, व २०१९ च्या वेतन संहितेनें तें तत्त्व सर्व धंद्यांस लागू केलें. परंतु पहांटेपासून पोळ्या लाटणाऱ्या घरच्या स्त्रियांची मजुरी खतावणींत मांडावयास मालकाची सदसद्विवेकबुद्धीच जागी व्हावी लागते.

आधीं मजुरी धरावी, मग भाव ठरवावा, हाच क्रम आम्हांस न्याय्य वाटतो. गिऱ्हाइकांनींहि दहा रुपये अधिक देतांना कुरकुर करूं नये.